मिरजेत सहा महिन्यांचा जीडीए कोर्स केला, त्याचा खराखुरा अनुभव

गावातल्या तीन-चार पोरी विचारत होत्या, ताई कोर्स करू का नको, पैसे वाया जातील का, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते. जीडीए म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंट, आपल्याकडं पेशंट असिस्टंट पण म्हणतात. मी मागच्या वर्षी मिरजेत केला आणि आता एका हॉस्पिटलात जनरल वॉर्डला नाईट ड्युटी करते. इन्स्टिट्यूटचं नाव टाकत नाही, कारण मला जे खटकलं ते फक्त तिथलंच आहे असं मला वाटत नाही आणि जे चांगलं होतं ते एका बाईंमुळं होतं.

आधी खटकलेलं सांगते. बोर्डावर मोठ्ठ्या अक्षरात "नर्सिंग" लिहिलेलं, खाली बारीक अक्षरात असिस्टंट. माझ्या बॅचमधल्या निम्म्या पोरी आपण सहा महिन्यांत नर्स होणार असंच समजून आलेल्या. एकीच्या वडिलांनी तर म्हैस विकून फी भरलेली, आणि तिला दुसऱ्या महिन्यात कळलं की इंजेक्शन द्यायला, सलाईन लावायला, गोळ्या द्यायला आपल्याला परवानगीच नसते. ती त्या दिवशी डबा न खाता बसून होती. नीट ध्यानात घ्या, नर्स व्हायचं तर एएनएम 2 वर्षं, जीएनएम 3 वर्षं नाहीतर बीएस्सी नर्सिंग 4 वर्षं, आणि पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला रजिस्ट्रेशन. त्याला शॉर्टकट नाही. बारावी झाली असेल आणि घरचे दोन वर्षं थांबायला तयार असतील तर सरळ एएनएमचा फॉर्म भरा, मी माझ्या सख्ख्या बहिणीला हेच सांगितलं.

फी मला 22 हजार सांगितली, हप्त्यानं. नंतर युनिफॉर्मचे वेगळे, परीक्षेचे वेगळे, आयकार्डचे सुद्धा वेगळे, असं करत करत 27 च्या वर गेले, आणि हे आधी कुणी बोललं नव्हतं. बाहेरचे परीक्षक येऊन जी परीक्षा घेतात तिची तारीख दोन महिने लांबली, तोवर सर्टिफिकेट नाही, सर्टिफिकेट नाही म्हणून नोकरी नाही, घरी बसून काढले दोन महिने. आणि सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबून श्वास देणं, ते शिकायला आम्हा 24 जणींत एकच डमी! मिनिटाला 100 ते 120 च्या वेगानं दाबायचं, छाती निदान 5 सेंटीमीटर खाली गेली पाहिजे, 30 वेळा दाबलं की 2 श्वास, हे वहीत सगळ्यांनी लिहिलं पण हाताला तो जोर कळायला वेळ लागतो की, आणि आमच्या वाट्याला पाच-पाच मिनिटं आली.

पण आमच्या सिस्टर. रिटायर्ड बाई, सगळी नोकरी वॉर्डात गेलेली. त्यांनी पहिले चार दिवस आम्हाला नुसते हात धुवायला लावले. खरंच चार दिवस. "सुमनके" म्हणायचं, म्हणजे हात धुवायच्या पायऱ्यांची पहिली अक्षरं, सीधा, उलटा, मुठ्ठी, अंगूठा, नाखून, कलाई, साबणपाण्यानं 40 ते 60 सेकंद, आणि प्रत्येकीचा अंगठा त्या स्वतः बघायच्या कारण म्हणे अंगठाच सगळे विसरतात. आता वॉर्डात बघते तर खरंच अंगठाच राहतो सगळ्यांचा!! मग कचऱ्याच्या बादल्या. रक्त लागलेला कापूस, ड्रेसिंग पिवळ्यात, सलाईनच्या नळ्या नि युरोबॅग (लघवीची पिशवी) लालमध्ये, सुया-ब्लेड पांढऱ्या टोचप्रूफ डब्यात, काच निळ्यात. एकदा एका पोरीनं सुई लाल पिशवीत टाकली तर सिस्टरांनी सगळ्यांना थांबवलं आणि विचारलं, ही पिशवी उद्या सकाळी कोण उचलणार? मावशी उचलणार. मावशीला टोचली तर? त्यानंतर आमच्यातल्या कुणाकडून चूक झाली नाही.

तिसऱ्या महिन्यापासून वॉर्ड पोस्टिंग, आणि कोर्सची खरी किंमत तिथंच आहे. बीपी, नाडी, टेम्परेचर घेणं, युरोबॅग मोजून चार्टवर लिहिणं, ती बॅग कायम पेशंटच्या कमरेखाली ठेवणं, स्पंज बाथ, बेडपॅन, पेशंट आत असताना चादर बदलणं. आणि कूस बदलणं. दर दोन तासांनी. मला आधी वाटायचं त्यात काय शिकायचंय, माझी आजी आठ महिने अंथरुणाला खिळून होती, आम्हीच करत होतो. पण आम्ही तिला काखेत हात घालून ओढायचो. सिस्टरांनी दाखवलं, ओढायचं नाही, पेशंटच्या अंगाखाली आडवी चादर घालायची, दोघींनी दोन बाजूंनी तिच्या कडा अंगाजवळ गुंडाळून धरायच्या, एक-दोन-तीन म्हणून एकदम उचलून सरकवायचं, गुडघे वाकवून, म्हणजे आपली कंबर पण वाचते. ओढलं की कातडी घासते, आणि माकडहाड, टाचा, खुब्याजवळ जखम तिथूनच सुरू होते. आजीच्या पाठीला जखम झालेली होती. मी तिथंच उभ्या उभ्या रडले, सिस्टरांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, तुला तेव्हा कुणी दाखवलं नव्हतं बाळा, आता तू दुसऱ्यांना दाखव.

मिरजेला कर्नाटकातून पेशंट फार येतात. पोस्टिंगमध्ये एक म्हातारी होती, तिला फक्त कन्नड यायचं, सारखी हात तोंडाकडं नेऊन "नीरू, नीरू" करायची. मला एवढं कळलं की पाणी मागतेय, पण तिच्या बेडला एनबीएमची पाटी, ऑपरेशन होतं, म्हणजे तोंडावाटे काहीच नाही. नातेवाईक म्हणत होते एक घोट द्या की हो, काय होतंय. मी दिलं नाही, स्टाफ सिस्टरांना जाऊन विचारलं, त्यांनी ओल्या गॉजनं नुसते ओठ पुसायला सांगितले. पुसले. तिनं माझं बोट धरून ठेवलं, बराच वेळ. आमच्या सिस्टर लांबून बघत होत्या, नंतर एवढंच बोलल्या, विचारायला गेलीस ते बरं केलंस.

"शंभर टक्के नोकरी" म्हणतात त्याचं म्हणाल तर आमच्या 24 मधल्या 15 जणी लागल्या, तीन होम केअरला, बाकीच्यांनी सोडून दिलं. माझा सुरुवातीचा पगार 9 हजार, रात्रपाळी, जेवण आपलं. जास्त नाहीये, आणि कामाच्या मानानं तर फारच कमी, हे मी हॉस्पिटलवाल्यांना पण तोंडावर सांगते.

पाचपैकी साडेतीन देते, ते साडेतीनही शिकवण्याला, ऑफिसला नाही. कोणी फी भरायला जाणार असेल तर आधी वॉर्ड पोस्टिंग कुठल्या हॉस्पिटलात आणि किती दिवस ते लेखी मागा, शिकवणारी सिस्टर वॉर्डात काम केलेली आहे का विचारा, सगळी फी एका कागदावर लिहून घ्या, आणि सर्टिफिकेट कोण देणार, इन्स्टिट्यूट स्वतः का हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिल, ते बघा. सरकारी योजनेतून हाच कोर्स काही सेंटरला फुकटात पण होतो, ती चौकशी आधी करा, मला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या सिस्टर दिवाळीपर्यंतच शिकवणार आहेत असं ऐकलंय, नंतर कोण येणार माहीत नाही, त्यामुळं कुणाला तिथंच जायचं असेल तर मला फोन करा आणि या बॅचला जा.