पेठकडच्या मामांच्या घरी बसवलेला सोलर किट, दोन पावसाळे काढल्यावरचा अनुभव

माझ्या मामांचं घर नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात एका पाड्यावर आहे, वस्तीपासून जरा लांब डोंगराच्या कडेला. लाईट आहे, नाही असं नाही, पण पावसाळ्यात एकदा गेली की दोन दोन दिवस येत नाही आणि रेशनचं रॉकेल बंद झाल्यापासून चिमणीपण गेली, मग मोबाईलच्या टॉर्चवर भाकरी भाजायच्या. आधी मी त्यांना ऑनलाईन ६०० रुपयांचा सोलर कंदील मागवून दिला होता, एका पावसाळ्यात बॅटरी मेली, आतून सगळं चिकटवलेलं, उघडताच येईना, आणि दुरुस्तीला कुठे न्यायचा तेच माहीत नाही. तो कंदील अजून मामींच्या फळीवर तसाच पडून आहे, बघितला की वाईट वाटतं.

म्हणून यावेळी नाशिकमध्येच, द्वारकेच्या बाजूला एक छोटं दुकान आहे तिथून होम लाईट किट घेतला. २० वॅटचं पॅनल, १२ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, ३ वॅटचे तीन डीसी बल्ब (म्हणजे थेट बॅटरीवर चालणारे, घरच्या लाईटवर नाही) आणि मोबाईल चार्जिंगचा पॉईंट. ४८०० रुपये पडले. मामी म्हणाल्या फुकट नको, मग त्यांनी बचत गटातून पैसे उचलले आणि महिन्याला ५०० करत फेडले. मला हे फार आवडलं, कारण रोजंदारीवाल्या घरात एकदम पाच हजार काढणं जमतच नाही, ५०० मात्र निघतात.

उजेडाचं सांगायचं तर तिन्ही बल्ब लावले तरी सात तास आरामात चालतात. एक चुलीजवळ, एक ओट्यावर, एक गोठ्यात. मामी पहिल्या दिवशी म्हणाल्या, "आता भाकरी करपली की भाजली ते तरी दिसंल." गोठ्यातल्या बल्बचा फायदा मला आधी सुचलाच नव्हता, शेणात पाय ठेवायच्या आधी साप विंचू दिसतो हो, पावसाळ्यात तिकडे ही केवढी मोठी गोष्ट आहे. जुलैत सलग झड लागते तेव्हा मात्र तिसऱ्या रात्री एकच बल्ब ठेवावा लागतो, हे दुकानदारांनी आधीच सांगितलं होतं.

बसवताना आमची एक चूक झाली, पॅनल कौलांवर असं ठेवलं की दुपारी दोननंतर फणसाची सावली अर्ध्या भागावर यायची. आम्हाला वाटलं अर्धी सावली म्हणजे अर्धं चार्जिंग, तसं नसतं, आतले सेल एकामागोमाग जोडलेले असतात त्यामुळे थोड्या सावलीनेसुद्धा चार्जिंग खूपच कमी होतं. मग अंगणात बांबूवर दक्षिणेकडे तोंड करून तिरपं बसवलं आणि फरक लगेच कळला. दुसरं म्हणजे डीसी बल्बची टोपी आपल्या घरातल्या बल्बसारखीच असते, भाच्याने एक काढून लाईटच्या होल्डरमध्ये लावला आणि फट्कन गेला. दुकानदारांनी १५० रुपयांत दुसरा दिला. किटवर मोठ्या मराठी अक्षरात तशी सूचना हवी होती, एवढीच माझी तक्रार. गोठ्यातली वायर उंदरांनी कुरतडली, तिला आता पाईप घातलाय.

पण पाच स्टार मी देतेय ते दुरुस्तीसाठी. दुसऱ्या पावसाळ्यात कंट्रोलर, म्हणजे बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा, बंद पडला, मामा एसटीने तो घेऊन दुकानात आले, दुकानदार दादांनी त्यांना समोर बसवून फ्यूज कसा बदलायचा ते शिकवलं, "मामा, पुढच्या वेळी एवढ्यासाठी तिकीट काढू नका" म्हणाले आणि पैसे घेतले नाहीत. आयआयटी मुंबईने २०१४ मध्ये शाळेतल्या मुलांना १२० रुपयांत सोलर दिवे दिले होते, त्यातसुद्धा गावातल्याच लोकांना जोडणी आणि दुरुस्ती शिकवली होती. दिवा स्वस्तात वाटणारे खूप भेटतात, बिघडल्यावर उघडून दाखवणारा माणूस लागतो.

आता पाड्यावरची अजून चार घरं मागतायत. कोणी सुरगाणा, हरसूल, पेठकडे घेऊन जाणार असेल तर दुकानातून निघताना दोन फ्यूज आणि एक बल्ब जादा घ्या, आणि घरातल्या एकाला तरी सोबत आणा, बसवायचं त्यांनीच शिकून घेतलेलं बरं.