मराठी ऑडिओ बायबलचा डबा: आधी ४७८ मिळवा

तारे आधीच सांगून टाकते: पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा चार्जिंगच्या पिनेने खाल्ला आणि एक अख्खा त्या वचनांच्या फोल्डरने.

वस्तू म्हणजे साबणाच्या वडीएवढा प्लेअर. आत मायक्रो एसडी कार्ड, त्यावर उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सगळं पवित्र शास्त्र मराठीत वाचून भरलेलं. इंटरनेट लागत नाही. कुणी बनवलाय ते डब्यावर छापलेलं नाही. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेनंतर पुस्तकांचं टेबल लागतं, तिथे हजाराच्या आत मिळाला.

घेतला ह्यांच्यासाठी. हे एसटीत कंडक्टर होते. साखरेने आधी डोळे धरले, मग किडन्या. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. फुले योजनेत बसतं म्हणून पैशाचं निभतं. वेळेचं काय करायचं, ते योजनेत नाही.

मुलगी म्हणाली, "मम्मी, फोनवर फुकट आहे की सगळं." आहे ना. पण डाव्या हाताच्या फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी जोडून केलेल्या शिरेत, दोन सुया, त्यावर पट्ट्या, तो हात चार तास हलवायचा नाही. उरला उजवा हात, आणि नजर अंधुक. त्यात टचस्क्रीनवर बोट फिरवायचं, मध्येच कर्ज हवंय का विचारणारा फोन यायचा, तो कट करता करता चालू असलेलं यशयाचं पुस्तक गायब. ह्या डब्याला खरी बटणं आहेत. पाचाच्या बटणावर बारीक उंचवटा आहे, अंगठा तिथे टेकला की बाकीचे आकडे न बघता सापडतात. निव्वळ त्या उंचवट्यासाठी मी हा डबा पुन्हा घेईन.

अडचण आकड्यांची आहे. स्क्रीनवर पुस्तकाचं नाव येत नाही, सगळे अध्याय एकाच रांगेत, १ ते ११८९. तेविसावं स्तोत्र म्हणून २३ दाबलं तर सारा मेलेली असते आणि अब्राहाम तिला पुरायला जमीन विकत घेत असतो. आजारी माणसाच्या उशाशी हे काही बरं नव्हे. सोबतच्या चिटोऱ्यावर यादी आहे, पण ती वाचायला माझ्याही चष्म्याला भिंग लागतं. शेवटी ह्यांनीच हिशेब लावला. स्तोत्रांच्या अगदी आधीचं पुस्तक ईयोब, ते संपतं ४७८ वर. म्हणून स्तोत्राच्या आकड्यात ४७८ मिळवायचे. तेविसावं ५०१ वर, एक्क्याण्णवावं ५६९ वर, एकशे एकविसावं ५९९ वर. तिकिटांचा ट्रे आणि पंच घेऊन उभ्याने बेरजा केलेला माणूस तो. वॉर्डातल्या सिस्टरना वाटतं काका मशीनचे आकडे पुटपुटतायत.

आता ते फोल्डर. कार्डावर शास्त्राशिवाय 'वचने' नावाचं एक फोल्डर फुकट दिलंय. वर्षभराची वचनं, रोज एक, मागे बासरी. वचन कॅलेंडर आपल्या प्रत्येकाच्या भिंतीवर असतं, आमच्याही आहे, त्याला माझी ना नाही. पण आजारी माणसाला दिवसभर तेवढंच ऐकवायचं म्हणजे जेवणाच्या नावाखाली नुसता शिरा वाढत राहायचं. आमच्याकडे भेटायला येणारे बरेचसे ह्याच फोल्डरमधले. "विश्वास ठेवा, सगळं चांगलं होईल." एक बाई तर म्हणाल्या, विश्वास पक्का असेल तर मशीनची गरज पडू नये. त्यांना मी चहा दिला आणि दार दाखवलं. डायलिसिस सोडल्यावर काय होतं ते मला माहीत आहे, आणि देवालाही ते माहीत असणार असं मी धरून चालते.

ह्या फोल्डरमधलं सगळ्यात लाडकं वचन म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, अशा अर्थाचं. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज कुणी ना कुणी पाठवतं. ते वचन वाजलं तेव्हा हे म्हणाले, पूर्ण अध्याय लाव. तो ७७४ वर आहे. लावला, तर ते निघालं बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना धाडलेलं पत्र. घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्या शहरासाठी प्रार्थना करा. आणि हिताच्या संकल्पांच्या अगदी आधीच्या वचनात मुदत दिलीय, सत्तर वर्षं! म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना घर पुन्हा दिसणार नव्हतं. त्याच्या आदल्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा छातीठोक सांगतो, दोन वर्षांत सगळं परत येईल. तो खोटा ठरतो.

मला वाटलं, आता हे खचणार. पण हे म्हणाले, "चला, कुणीतरी खरं बोललं." डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंच होतं की किडन्या पूर्ववत होणार नाहीत. त्यानंतर आम्ही पुढच्या नाताळापर्यंत बरं कर अशी मुदत देवाला घालणं सोडलं. मुलीच्या लग्नाची बोलणी ह्यांच्या तब्येतीसाठी अडवून ठेवली होती, ती पुढे नेली. तारीख धरताना डायलिसिसचा वार तेवढा टाळला.

ह्यांचा सगळ्यात जास्त वाजणारा आकडा मात्र ५६६. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र. कुठल्या कॅलेंडरवर ते मी पाहिलेलं नाही. माणूस रात्रंदिवस हाक मारतो, सकाळी पुन्हा प्रार्थना करतो, तू तोंड का लपवतोस असं देवाला तोंडावर विचारतो, आणि स्तोत्र संपतं ते काळोखातच. बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी वळतात; तेरावं "किती काळ?" म्हणत सुरू होतं आणि गाण्यावर संपतं. हे वळतच नाही. तिसऱ्या तासाला ह्यांचं बीपी उतरतं, पायात गोळे येतात, तेव्हा मी ५०१, ते धीर देणारं तेविसावं, लावू का विचारते. मान हलवतात, नको. ५६६. एकदा म्हणाले, "अगं, बसमध्ये पण जो भांडतो ना, तो उतरत नाही. जायचंच असतं त्याला." भरवसा म्हणजे काय ह्यावर मी बरीच प्रवचनं ऐकलीत, कंडक्टरकीतलं हे पहिलंच.

वाचणाऱ्याचा आवाज चांगला आहे, पोक्त, घाई नाही. पण मागे संगीत घातलंय ते कुणाच्या डोक्यातून आलं कुणास ठाऊक. इतिहासाच्या पुस्तकांत ढोल, स्तोत्रांत वारा. अठ्ठ्याऐंशीव्यात तर विजा कडाडतात. त्या शब्दांना विजांची गरज नाही हो. ते बंद करायची सोय असती तर अर्धा तारा वाढवला असता.

आवाजाची भाषा ग्रांथिक आहे, सासूबाईंच्या पोथीसारख्या जाड शास्त्रातली. मला चालते. पण सोप्या मराठीसाठी पंडिता रमाबाईंनी केवढा खटाटोप केला तो आठवतोच. केडगावला, दौंडजवळच्या, आमच्या नगरच्या नव्हे. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि बाई शास्त्राचं भाषांतर पुरं करत राहिल्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. आईवडील, बहीण, भाऊ, नवरा सगळे त्याआधीच गेलेले. स्तोत्रांचं भाषांतर करताना अठ्ठ्याऐंशीव्यापाशी त्या किती वेळ थांबल्या असतील, असं मला उगाच वाटत राहतं.

बाकी तांत्रिक. बटण दाबलं की 'टुक' वाजतं आणि ते बंद होत नाही. वॉर्डात शेजारचे वळून बघतात, इअरफोन लावूनसुद्धा. बंद करून चालू केला की कधी थांबला होता तिथून सुरू होतो, कधी थेट उत्पत्ती एकवर. चुकून एफएमचं बटण दाबलं गेलं तर विलापगीतानंतर सोन्याच्या पेढीची जाहिरात. बॅटरी चांगली, चार तास जाऊन-येऊन आरामात पुरते. चार्जिंगची पिन जुन्या पद्धतीची, बारीक, आणि सैल. आमची विशिष्ट कोनात धरली तरच लागते, खाली घडी केलेला रुमाल ठेवावा लागतो.

घ्यायचा तर घ्या, विशेषतः घरात नजर गेलेलं कुणी असेल तर. घेताना टेबलावरच चार्जर लावून बघा. कार्ड आणल्या दिवशी कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवा, आणि पुस्तकांची यादी मोठ्या अक्षरात लिहून डब्याबरोबर द्या: स्तोत्रं ४७९ पासून, मत्तय ९३० पासून. वचनांचं फोल्डर आम्ही नंतर पुसून टाकलं. त्या जागेत मुलीने आमच्या मंडळीतली भजनं भरून दिलीत. पेटी जरा बेसूर आहे, पण वाजवणारा ओळखीचा आहे.