हायस्पीड रील आणि माझा घाईचा हात : आठ महिने वापरल्यावर

दसऱ्याच्या ऑफरमध्ये घेतलेलं हे स्पिनिंग रील, म्हणजे मासेमारीच्या रॉडवर लाइन गुंडाळणारं यंत्र, २५०० साइज, गिअर रेशो ६.२:१ (हँडलचा एक फेरा म्हणजे लाइनचे ६.२ वेढे), अडीच हजाराच्या आतबाहेर पडलं. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण आठ महिन्यांत जी गडबड सापडली त्यात रीलची कमी आणि माझी जास्त आहे.

मी सांगलीचा, नोकरी मिरज एमआयडीसीत लेथवर. लहानपणापासून गळ टाकतोय, कणकेची गोळी नाहीतर गांडूळ, बूच बुडालं की ओढायचं एवढंच माहीत. लुअरचा, म्हणजे नकली आमिषाचा, नाद लागला तो अमेरिकेतले बास फिशिंगचे व्हिडिओ बघून. लार्जमाउथ बास हा तिकडचा मासा, आपल्या कृष्णेत नाही, पण त्याच्यापायी माणसं येडी झालीत बघा. १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरीनं २२ पौंड ४ औंसाचा धरला, म्हणजे दहा किलोच्या जरा वर, आणि २००९ ला जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरितानं धरलेला त्याच्यापेक्षा किंचित जास्त भरला तरी रेकॉर्ड मोडला नाही, बरोबरीच धरली, कारण नियमानं किमान २ औंस जास्त लागतात. आम्ही मायक्रॉनवर जॉब रिजेक्ट करणारी माणसं, त्यामुळं मला हा नियम लय आवडला.

तर बास नाही म्हणून मी मरळ आणि शिवडा यांच्या मागं लागलो. दोन्ही दबा धरून झडप घालणारे, त्यामुळं बासचं निम्मं गणित इथं चालतं असं वाटलं. आणि पहिले अडीच महिने मासा शून्य. लुअर बदलले, रंग बदलले, ब्रेड लाइन (विणलेली दोरी) बदलली, पगारातले किती गेले ते घरी अजून सांगितलेलं नाही.

डोक्यात प्रकाश पडला तो एका खाणीवर. दगड काढून सोडलेली जुनी खाण, पाणी भरलेलं, कडेला पाणवनस्पतीचा थर, मरळ मधूनमधून हवा घ्यायला वर येते तेव्हा गोल फुटतं पाण्यावर. मी पोकळ रबरी फ्रॉग टाकून सपासप ओढतोय आणि शेजारी गळ टाकून बसलेले एक आबा मगापासून बघतायत. शेवटी म्हणाले, “आरं, बेडूक हाय का पोलीस भरतीला निघालाय? जरा दम घिऊ दी की त्याला.”

घरी येऊन व्हर्नियर लावला. भरलेल्या स्पूलचा (लाइन गुंडाळतो त्या रिळाचा) व्यास ४५ मिमी, गुणिले ३.१४, गुणिले ६.२, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात जवळजवळ ८८ सेंटीमीटर लाइन आत येते. ५.२:१ चं रील असतं तर त्याच स्पूलवर ७३ आली असती. लाइन लांब गेली की स्पूल बारीक होतो आणि हा आकडा थोडा कमी होतो, ते वेगळं. मी सेकंदाला दोन फेरे मारत होतो, म्हणजे माझा बेडूक सेकंदाला पावणेदोन मीटर पळत होता! कुठल्या बेडकाला जमतंय ते? व्हिडिओवाला आरामात फिरवतो म्हणून मीही आरामातच फिरवतोय असं वाटायचं, पण त्याच्या रीलचा रेशो काय, स्पूल केवढा, हे कधी बघितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मोजून फिरवतो. मरळीसाठी फ्रॉग पाण्याच्या गोलावर टाकायचा नाही, त्याच्या पुढं दोन-तीन मीटर टाकायचा, हँडलनं फक्त ढिली लाइन आवरायची, हालचाल रॉडच्या टोकानं द्यायची, टुक टुक, आणि थरातल्या मोकळ्या भोकात फ्रॉग आला की थांबायचं. मनात पाच मोजायचे. माझ्या बहुतेक स्ट्राइक (माशाच्या झडपा) या थांबण्यातच आल्यात. आणि पाणी उडालं की लगेच झटका द्यायचा नाही, फ्रॉग दिसेनासा होऊन रॉडला वजन लागलं की मगच. बासवालेही हेच सांगतात, पण ऐकणं वेगळं आणि समोर पाणी फुटल्यावर हात आवरणं वेगळं, माझ्या पहिल्या चार मरळी अशाच गेल्या. पाचवी आली, दीड किलोच्या आसपास, जानेवारीच्या शेवटी, दुपारी ऊन तापल्यावर.

उन्हावरून आठवलं. थंड पाण्यात हळू ओढा, गरम पाण्यात जोरात, हा बासवाल्यांचा पहिला धडा. मासा थंड रक्ताचा, पाणी गार झालं की त्याची भूक आणि पळापळ दोन्ही कमी होतात. पण त्यांचं थंड पाणी म्हणजे ५० फॅरनहाइट, १० सेल्सिअस, आपल्या नदीला डिसेंबरातही तेवढी थंडी वाजत नाही. म्हणून त्यांचे आकडे इकडे आणू नका, दिशा तेवढी घ्या. मला थंडीत पहाटेपेक्षा दुपार बरी गेली आणि एप्रिल-मेमध्ये बरोबर उलटं.

आमच्याकडे पाण्याच्या गढूळपणाचा फरक थंडीपेक्षा जास्त पडतो. गढूळ पाण्यात मासा डोळ्यापेक्षा अंगावरच्या रेषेनं, पाण्यातली थरथर ओळखून येतो, तिथं पातं फिरणारा स्पिनरबेट हळू आणि एकसारखा ओढायचा म्हणजे त्याला दिशा सापडते. धोमच्या बॅकवॉटरला वाईच्या मित्राबरोबर गेलो तेव्हा पाणी नितळ होतं, तिथं हळू ओढलं की मासा मागं मागं येऊन, नीट बघून परत जायचा, दोनदा डोळ्यांनी बघितलंय. तिथं मात्र जोरात ओढून मधेच थांबवणं चाललं, त्याला विचार करायला वेळच द्यायचा नाही.

शिवडा मिळाला कोल्हापुरी बंधाऱ्याच्या खाली, बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असताना फटीतून पाणी पडतं तिथं, अंधार पडता पडता, क्रँकबेटवर (तोंडाच्या पट्टीमुळं बुडी मारणारा नकली मासा). क्रँकबेट जोरात ओढला की जास्त खोल जातो हा माझा गैरसमज होता, एका मर्यादेनंतर तो खोल जायचा थांबतो आणि आडवा पडायला लागतो. त्याच्या तोंडाची पट्टी दगडाला टेकली की क्षणभर थांबायचं, परत सुरू, तिथंच बसला तो. आणि इथंच रीलची खरी उणीव कळली. लेथवाल्याला सांगायला नको, स्पीड वाढवला की जोर कमी होतो. खोल जाणारा क्रँकबेट या रीलवर तासभर ओढला की मनगट भरून येतं, शिवडा लागल्यावर तर मी हँडल फिरवणं सोडून रॉडनंच उचलत होतो. (भिलवडी-औदुंबर पट्ट्यात असले प्रयोग संध्याकाळी पाण्यात उतरून करू नका, मगरी आहेत, काठावरूनसुद्धा जपून.)

बाकी रील ठीक. ड्रॅग (मासा ओढायला लागला की लाइन सोडणारा ब्रेक) सुरुवातीला गुळगुळीत होता, चिखलात एकदा पडल्यावर अडकत सुटतो. हँडलला पाचव्या महिन्यापासून प्ले (ढिलेपणा) आलाय, मी पितळी शिम (पातळ चकती) घालून भागवलं, ज्याला हे जमत नाही तो वैतागेल. सर्व्हिसला फोन केला तर दोन आठवडे “कळवतो” यापुढं काही नाही. फ्रॉग आणि स्पिनरसाठी घ्यायचं तर घ्या, मासा तुमच्याकडं पळत आला तर ढिली लाइन पटकन आवरते हा हायस्पीडचा खरा फायदा. क्रँकबेटच जास्त ओढणार असाल तर ५.२ च्या आसपासचं बघा. पहिलंच रील घेणार असाल तरी तेच बघा, हात आपोआप सावकाश राहतो.

आता पाऊस येईल. मरळीची जोडी पिलांवर राखण करते या दिवसात, पिलांच्या घोळक्यावर फ्रॉग टाकला की चिडून हमखास येते, काही जण मुद्दाम तेच करतात, मला नाही पटत, मागं राहिलेल्या पिलांना दुसरे मासे खाऊन टाकतात. त्यामुळं माझं रील सध्या वर्तमानपत्रावर उघडं पडलंय, बेअरिंग पेट्रोलमध्ये, आणि आई रोज विचारतीय की हे टेबल जेवायला कधी मोकळं होणार.