ज्यूसच्या पाऊचचं जॅकेट शिवायचं काम, आधी डिपॉझिट भरा म्हणतात, भरू नका

सोलापूर, बार्शी, पंढरपूर भागात ज्यांच्या घरी शिलाई मशीन आहे त्यांनी हे पूर्ण वाचा, लांब आहे पण वाचा आणि आपल्या गटातल्या बायकांना पण सांगा.

सध्या एक काम फिरतंय. ज्यूसचे रिकामे पाऊच आणि दूध-ताकाचे टेट्रापॅक कापून जोडून त्याचं जॅकेट शिवायचं, माल ते देणार, शिवलेलं तेच घेणार, एका जॅकेटला ३५० रुपये. मी घेतलं, माझ्या जाऊबाईंनी घेतलं, बचत गटातल्या बऱ्याच जणींनी घेतलं आणि सगळ्यांचे पैसे गेले. एकीने तर भिशी लागली होती ती सगळी यात भरली, घरी अजून सांगितलेलं नाही तिने.

आपल्याकडे युनिफॉर्मचं काम घरोघरी आहे, पीसवर शिवणाऱ्या बाईला शर्टामागे काय सुटतं ते मी वेगळं सांगायला नको, त्यात शाळा सुरू झाल्या की काम एकदम कमी होतं. हे लोक बरोबर त्याच दिवसांत आले. मंगल कार्यालयात मीटिंग, चहा-बिस्कीट, पडद्यावर मोदींचा जॅकेट घातलेला फोटो आणि खाली लिहिलेलं की हे बाटल्यांपासून बनलंय. मॅडम म्हणाल्या, "ताई, देशाचे पंतप्रधान घालतात ते काम तुमच्या हातात देतोय आम्ही."

आता यात गंमत बघा, फोटो अगदी खरा आहे. ८ फेब्रुवारी २०२३ ला संसदेत त्यांनी ते जॅकेट घातलं होतं, त्याच्या दोनच दिवस आधी बेंगळुरूच्या इंडिया एनर्जी वीकमध्ये इंडियन ऑइलने बाटल्यांपासून बनवलेले युनिफॉर्म दाखवले होते, एका युनिफॉर्मला साधारण २८ बाटल्या असं त्यांनी सांगितलं होतं. पण ते कापड आहे हो. पेट बाटल्या म्हणजे पाण्याच्या-कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या गोळा करतात, झाकण-लेबल काढून धुतात, बारीक तुकडे करून वितळवतात, त्यातून धागा ओढतात, त्याचं सूत, सुताचं कापड, आणि मग टेलर ते इतर पॉलिस्टरसारखंच शिवतो. आमच्या हातात दिले ते पाऊच. त्यात प्लॅस्टिक, मधे अॅल्युमिनियमची फॉइल, परत प्लॅस्टिक असे थर चिकटवलेले असतात, आणि टेट्रापॅकमध्ये तर पाऊण हिस्सा पुठ्ठाच असतो. दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी, एकीचा फोटो दाखवून दुसरी गळ्यात मारली.

एक सर्टिफिकेट पण फिरवलं, ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्डचं, म्हणजे माल रिसायकल केलेल्या मटेरियलचा आहे असं सांगणारं, झेरॉक्स. जाऊबाईंच्या मुलाने त्याचा फोटो काढून ठेवला होता म्हणून नंतर नीट बघता आलं, त्यावर नाव दुसऱ्याच राज्यातल्या सूतगिरणीचं. असल्या सर्टिफिकेटवर ते कोणाला दिलंय त्याचं नाव-पत्ता, नंबर आणि देणाऱ्या संस्थेचं नाव असतं. तुमच्याशी व्यवहार करणाऱ्याचं नाव आणि त्यावरचं नाव एकच पाहिजे, आणि देणाऱ्या संस्थेला विचारलं तर खरं-खोटं कळतं.

पैसे असे घेतले. मालाचं डिपॉझिट २५००, ट्रेनिंगचे १२००, आयकार्डचे ३००. क्यूआर कोड स्कॅन केला की नाव कंपनीचं येत नव्हतं, एका माणसाचं येत होतं, विचारलं तर "आमचे अकाउंटंट आहेत, कंपनीचं खातं अपडेटला गेलंय." आधारची झेरॉक्स घेतली आणि स्टॅम्प पेपरवर सही घेतली, सगळं इंग्रजीत. त्यातली एक ओळ महत्त्वाची होती, मालाच्या क्वालिटीबाबत कंपनीचा निर्णय अंतिम राहील. पहिल्यांदा दोनच जॅकेट दिली आणि त्याचे ७०० रुपये दुसऱ्याच दिवशी फोनवर आले. त्या मेसेजचा स्क्रीनशॉट अख्ख्या वस्तीत फिरला आणि ज्या बायका लांब उभ्या होत्या त्या पण आल्या. मग म्हणाले आता बल्क ऑर्डर आहे, परदेशात माल जायचाय, जास्त माल पाहिजे तर ६००० डिपॉझिट.

आता शिवणाबद्दल सांगते कारण फसवणूक खरी तिथे आहे. मी कित्येक वर्षं शिवतेय, सुती, टेरिकॉट, रेक्झिन सगळं शिवलंय. पाऊचला टाचणी लावता येत नाही, जिथे टोचली तिथे भोक कायम राहतं, कपडे वाळवायचे चिमटे लावून धरावं लागतं. सुई सोळा नंबरची घेतली, टाका मोठा ठेवला, कारण बारीक टाका घातला की ती भोकं एका ओळीत येतात आणि थोडं ओढलं की नोटबुकच्या पानासारखं तिथूनच फाटतं. मशीनचा पाय वरून चिकटतो, पाऊच पुढे सरकत नाही, त्याला टेफ्लॉनचा पाय लागतो, तो किटमध्ये नव्हता, मी वरून पातळ कागद ठेवून शिवलं आणि मग तो कागद टिपेतून फाडून काढला. इस्त्री लागली की पाऊच आकसतो. टेट्रापॅक घडी पडली की तिथे प्रिंटला तडा जातो आणि आतला पांढरा पुठ्ठा दिसतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे उसवता येत नाही. कापडावर टीप चुकली तर उसवून परत घालतो, कापडाचा धागा परत बसतो, इथे जुनी भोकं तशीच दिसतात. काखेत मुंढ्याला गोलाई देताना मटेरियल ढिलं सोडता येत नाही, ते वाकतच नाही, त्यामुळे तिथे थोडी तरी सुरकुती पडणारच, कितीही चांगली शिवणारी असू दे.

म्हणजे ज्याला माल नाकारायचाच आहे त्याला प्रत्येक पीसमध्ये कारण मिळणार. आणि तेच झालं. बल्कचा माल घेऊन गेलो तर तिथला मुलगा एकेक जॅकेट उजेडासमोर धरायचा आणि "होल दिसतंय, फेल" म्हणून बाजूला टाकायचा. अहो सुईचं भोक उजेडासमोर दिसणारच ना! माझे सगळे फेल, जाऊबाईंचे सगळे फेल. मी त्याला म्हणलं पहिली दोन पास झाली ती पण अशीच होती, त्यात काय वेगळं होतं ते काढून दाखव, तर म्हणे ती डिस्पॅच झाली.

मालाबद्दल पण एक सांगायचं राहिलं. कचऱ्यातून गोळा केलेले पाऊच म्हणून दिले होते, त्यातले काही खरंच तसे होते, आतून चिकट, आंब्याच्या ज्यूसचा आंबूस वास, रात्रीत पिशवीला मुंग्या लागल्या. पण बरेचसे पाऊच एकदम कोरे होते, स्ट्रॉची जागा न टोचलेली, वरचं तोंड कधी सीलच झालेलं नाही, प्रिंट थोडी सरकलेली. म्हणजे कुठूनतरी कारखान्याचा बिघडलेला रोल किलोवर आणलेला. पर्यावरणाचं नाव घेऊन बायकांना गोळा केलं याचा मला पैशांइतकाच राग आहे, कारण आमच्या गटातल्या कितीतरी जणी मनापासून म्हणत होत्या की कचरा तरी कमी होईल.

पाऊचचं काम जगात कुठे होतच नाही असं नाही. फिलिपिन्समध्ये बायकांची सहकारी संस्था ज्यूसच्या पाऊचच्या पिशव्या शिवते आणि त्या खरंच विकल्या जातात. पण त्या पिशव्या आहेत. अंगात घालायचं म्हटलं की हवा खेळत नाही, घाम आतच राहतो, अस्तर लावावं लागतं, धुवायला अवघड. आपल्या उन्हाळ्यात ते जॅकेट घालणार कोण, हा प्रश्न मीटिंगमध्ये एका आजींनी विचारला होता आणि त्यांना "आजी, एक्सपोर्टचं आहे" म्हणून खाली बसवलं. प्रश्न बरोबर होता. जॅकेट विकलंच जात नव्हतं, त्यांची कमाई डिपॉझिटवर होती, त्यांचं गिऱ्हाईक आम्हीच होतो. म्हणून असं काम घेऊन कुणी आलं तर आधी विचारा की शिवलेला माल कुणाला विकला त्याचं जीएसटीचं बिल दाखवा, बिलावरचा नंबर जीएसटीच्या साइटवर टाकला की धंदा कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. पीसवर काम देणारा खरा कारखानदार आपल्याला कापड देतो आणि पीस मोजून पैसे देतो, तो शिवणाऱ्या बाईकडून पैसे मागत नाही, आपल्या सोलापुरात मी तरी असा बघितला नाही.

डिपॉझिट परत मागितल्यावर फोन उचलणं बंद, आणि काही जणींना व्हॉट्सॲपवर वकिलाची नोटीस आली की मालाचं नुकसान केलं, १५,००० भरा नाहीतर कोर्टात खेचू. दोघींनी घाबरून त्यातले थोडे भरले पण. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नाही, त्यावर पैसे भरायचे नाहीत, नोटीस जपून ठेवायची.

आम्ही काय केलं ते सांगते. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन १९३० ला लगेच फोन करायचा, जितक्या लवकर कराल तितकी समोरच्याच्या खात्यात पैसे अडवायची शक्यता जास्त. आम्ही उशिरा केला तरी तक्रार नोंदवून नंबर मिळाला. पोलीस स्टेशनला लेखी अर्ज दिला, फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे, आधी ४२० म्हणायचे तेच. ग्राहक आयोगाबद्दल आम्हाला कुणीतरी सांगितलं की तुम्ही धंद्यासाठी घेतलंय तर तुम्ही ग्राहक नाही, पण २०१९ च्या कायद्यात स्पष्ट आहे की फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू असेल तर तो माणूस ग्राहकच धरतात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते. आधी सल्ला पाहिजे तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे मराठीत बोलता येतं.

आमची तारीख अजून लागायची आहे. तेच लोक आता नाव बदलून पंढरपूर बाजूला मीटिंगा घेतायत असं ऐकलंय, पडद्यावर तोच फोटो. तुमच्यापैकी कुणी पैसे भरले असतील तर क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट, पैसे गेल्याचा मेसेज, आयकार्ड आणि त्यांनी फेल केलेले पीस सगळं ठेवा, रागाने पीस जाळू नका, आम्ही अर्जासोबत पुरावा म्हणून तेच जोडलेत.