हौशी मोटरस्पोर्टची सुरुवात कुठून करायची: टीएसडी, ऑटोक्रॉस, ट्रॅक डे की ड्रॅग?

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने फोक्सवॅगनची व्हर्टस घेतली, 1.5 टीएसआय टर्बो पेट्रोल, मॅन्युअल, 150 पीएस ताकदीची. सहा महिन्यांनी पार्किंगमध्ये भेटला तेव्हा म्हणाला, "दादा, दर रविवारी पहाटे ताम्हिणीला जातो, पण परवा एका वळणावर समोरून दुधाचा टेम्पो आला आणि तेव्हापासून मन लागत नाहीये." त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण पोलो जीटी, आय20 एन लाइन, जुनी ऑक्टाव्हिया आरएस, असल्या गाड्या घेतलेले पुण्या-मुंबईत आता खूप जण आहेत आणि बहुतेकांची गाडी एक्सप्रेसवेच्या 100 च्या लिमिटमध्ये आयुष्य काढते, नाहीतर मग घाटात जीव धोक्यात घालते, स्वतःचा आणि त्या टेम्पोवाल्याचाही.

रस्त्यावर रेस लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे, 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्यांदा सापडलात तर त्याहून जास्त. पण मला कायद्यापेक्षा मोठी गोष्ट वाटते ती ही की घाटात तुम्ही काही शिकतच नाही. एकच वळण दहा वेळा घेऊन काय चुकलं ते बघता येत नाही, कुणी वेळ मोजत नाही, कुणी सांगत नाही की बाबा ब्रेक उशिरा सोडतोयस. हे सगळं मिळतं ते इव्हेंटमध्ये, आणि आपल्यासारख्या नोकरदार माणसाला परवडतील असे सरळ चार रस्ते आहेत: टीएसडी, ऑटोक्रॉस, ट्रॅक डे, ड्रॅग.

तुलना करताना लोक एंट्री फी बघतात. मी तीन गोष्टी बघतो, दिवसभरात स्टिअरिंग किती वेळ हातात राहतं, गाडीचं काय झिजतं, आणि तिथपर्यंत पोचायला किती खर्च येतो. या तिसऱ्या गोष्टीत बरेच जण फसतात.

आधी टीएसडी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स. यात वेगाची स्पर्धा नाही हे ऐकूनच पोरं नाक मुरडतात, मीही मुरडलं होतं. हातात रोडबुक देतात, त्यात प्रत्येक वळणाचं छोटं चित्र असतं, त्याला ट्युलिप म्हणतात, आणि कुठल्या टप्प्यावर वेगाची सरासरी किती ठेवायची ते लिहिलेलं असतं. समजा ताशी 36 किलोमीटर दिली, तर 1 किलोमीटरला 100 सेकंद, म्हणजे 4.70 किलोमीटरवर तुम्ही बरोबर 7 मिनिटं 50 सेकंदांनी असायला हवं. मध्ये शेळ्यांचा कळप आडवा आला आणि 40 सेकंद गेले की ते भरून काढायचे, पण जास्त भरून काढून लवकर पोचलात तर त्याचीही पेनल्टी, आणि बरेचदा ती उशिराच्या पेनल्टीपेक्षा जड असते. मार्शल, म्हणजे आयोजकांचा माणूस, कुठल्या झाडाखाली घड्याळ घेऊन बसलाय ते आधी माहीत नसतं.

इथे मॉडिफाय केलेल्या गाडीवाल्यांना एक धक्का बसतो. मोठे ॲलॉय आणि वेगळ्या साइजचे टायर टाकले की ओडोमीटर चुकीचं दाखवतं. आयोजकांच्या 10 किलोमीटरला तुमचं 10.3 दाखवत असेल तर 4.70 च्या चेकपॉइंटला तुम्ही साधारण 140 मीटर चुकलेले असता, 36 च्या सरासरीने ते झाले 14 सेकंद. म्हणून सुरुवातीला ओडो जुळवायला जो पट्टा दिलेला असतो तो मन लावून चालवायचा. दिवसाला पाच-सहा तास गाडी चालते, झिजत काहीच नाही, पेट्रोल रोजच्यासारखंच लागतं, आणि मुंबई-पुण्याच्या आसपास असे इव्हेंट होतात. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची बायकांसाठीची मुंबई ते अँबी व्हॅली रॅली याच फॉरमॅटची आहे, त्यामुळे घरातल्या बाईमाणसाला गाडीची आवड असेल तर तिने तिथूनच सुरुवात करावी, आणि नॅव्हिगेटर म्हणून, म्हणजे शेजारी बसून रस्ता आणि वेळेचा हिशोब सांगायला, मैत्रिणीला घ्यावं.

ऑटोक्रॉस याच्या अगदी उलट. मैदानात कोन, म्हणजे रस्त्याच्या कामावर दिसतात ते प्लास्टिकचे शंकू, लावून कोर्स आखलेला असतो, एका वेळी एकच गाडी सोडतात, कोन पाडला की सेकंद वाढतात. काम बहुतेक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, त्यामुळे वेग कमी, आणि चुकलात तर गाडी गरागरा फिरून मैदानातच उभी राहते, आदळायला काही नसतं. गाडीचं खरं वागणं इतक्या स्वस्तात दुसरीकडे कळत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवलंय आणि गाडी सरळच चाललीय, म्हणजे अंडरस्टिअर, हे मी घाटात वर्षानुवर्षं चालवूनही कधी अनुभवलं नव्हतं, ते पहिल्याच रनमध्ये झालं आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचलल्यावर पुढची चाकं परत पकडतात हे तिथेच कळलं. तिथे 150 पीएसचा फारसा उपयोगही होत नाही, जुनी एस्टीम किंवा जिप्सी घेऊन आलेला माणूस आरामात पुढे जातो, आणि त्याच्याशी दहा मिनिटं बोललात तर ते रीमॅपपेक्षा, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्यापेक्षा, जास्त कामाला येईल.

पण दोन अडचणी आहेत. एक म्हणजे आपल्याकडे ऑटोक्रॉस बहुतेक मातीत होतं, तेव्हा सस्पेन्शन बदलून खाली बसवलेली गाडी, पातळ टायर आणि पुढच्या बंपरखाली जोडलेलं लिप घेऊन जाऊ नका, इंजिनखाली गार्ड असेल तर उत्तम. दुसरी म्हणजे वेळ. एक रन मिनिट-दोन मिनिटांची, दिवसात तीन-चार, म्हणजे सकाळी सहाला घरून निघून दिवसभरात पाच-सात मिनिटं चालवणं होतं. हे आधी माहीत असलं की निराशा होत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांचा मात्र मला खरंच हेवा वाटतो, तिथे एससीसीए या स्पोर्ट्स कार क्लबचे सोलो नावाचे ऑटोक्रॉस इव्हेंट पार्किंग लॉटच्या डांबरावर होतात, एका कोनला 2 सेकंद, रोजची गाडी तशीच न्यायची, अर्धा वेळ चालवायचं आणि अर्धा वेळ दुसऱ्यांनी पाडलेले कोन उभे करायचे. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात असाल तर खालचं काही न वाचता हाच पर्याय घ्या.

आता ट्रॅक डे, म्हणजे आपलीच गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस, ज्याचं स्वप्न सगळ्यांना असतं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक 3.7 किलोमीटरचा, कोइमतूरचा करी स्पीडवे 2.1 चा, आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट 5 किलोमीटरच्या वर, जिथे 2011 ते 2013 फॉर्म्युला वन झाली. पंधरा-वीस मिनिटांची तीन-चार सेशन मिळतात, म्हणजे तासभर निखळ ड्रायव्हिंग, आणि तो तास जन्मभर लक्षात राहतो, यात वाद नाही. पण हिशोब करा. पुण्याहून चेन्नई साधारण 1200 किलोमीटर, जाऊन-येऊन 2400, गाडीने 12 चं ॲव्हरेज दिलं तरी 200 लिटर, म्हणजे पेट्रोलचेच 20 हजारांच्या वर, टोल आणि लॉज वेगळं, चार दिवसांची रजा वेगळी. फी अजून भरलेलीच नाही.

शिवाय ब्रेक. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, म्हणजे 140 वरून गाडी थांबवताना डिस्क 70 पेक्षा चौपट उष्णता झेलते, आणि ते दर लॅपला तीन-चार ठिकाणी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट 4 ग्रेडचं ऑइल ताजं असताना 230 डिग्रीला उकळतं, ओलावा शिरल्यावर तेच 155 च्या आसपास येऊ शकतं, आणि उकळलं की पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल मऊ पडतं. माझ्या पहिल्या ट्रॅक डेला तिसऱ्या लॅपमध्ये पॅडल जवळजवळ तळाला गेलं. ऑइल तीन वर्षं बदललं नव्हतं, चूक पूर्ण माझी होती. रनऑफ, म्हणजे ट्रॅकच्या कडेची जागा, मोकळा होता म्हणून आज हे लिहितोय. त्यामुळे ट्रॅकला जायचं तर नवीन ब्रेक ऑइल, पॅडची जाडी, टायरचं वय, चांगलं फुल फेस हेल्मेट, अंगात सुती कपडे, हे झाल्याशिवाय निघायचं नाही. एक्झॉस्ट आणि रीमॅप त्यानंतर कधीही करता येतात.

ड्रॅगबद्दल थोडक्यात सांगतो. 402 मीटरचा सरळ पट्टा, उभ्या गाडीने सुटून तो कमीत कमी वेळात कापायचा, अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर असे इव्हेंट झालेले आहेत, मुंबई-पुण्याहून पोचायला सोपं. ज्याने आधीच ताकद वाढवून ठेवलीय आणि आकडा बघायचाच आहे त्याने सिग्नलवर खाज भागवण्यापेक्षा शंभर पटीने हे करावं. पण एक रन पंधरा सेकंदांची, आणि प्रत्येक लाँचला, म्हणजे जोरात सुटताना, क्लच प्लेट आणि ड्राइव्हशाफ्टवर जो मार बसतो तो महिन्याभराच्या ट्रॅफिकमध्ये बसत नाही. शिकणं सर्वात कमी, झीज सर्वात जास्त, म्हणून माझ्या यादीत शेवटी.

या चारही प्रकारांना लागू असलेली एक गोष्ट इन्शुरन्सची. पॉलिसीच्या कागदावर वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, त्यात आयोजित रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल वगळलेलं असतं. म्हणजे ट्रॅकवर किंवा ड्रॅगला गाडी ठोकली तर खर्च खिशातून. टीएसडी या शब्दांत बसते का हे कंपनीला ईमेल करून लेखी विचारून घ्या, एजंटच्या "काही होत नाही हो" वर विसंबू नका. आणि इव्हेंटला एफएमएससीआयची, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेची, परवानगी आहे का, ॲम्ब्युलन्स उभी आहे का, स्क्रुटिनी, म्हणजे सुरुवातीआधी गाडीची तपासणी, होते का, हे बघा. स्क्रुटिनीत गाडी नीट तपासत नसतील तर परत या, फी गेली तरी चालेल.

मग कुणी काय घ्यावं? सोबत हिशोबाला पक्कं कुणी असेल तर टीएसडी, आणि ती वर्षात दोन-तीनदा. रोजची एकच गाडी असेल, तिचा ईएमआय चालू असेल आणि हात मात्र सुधारायचा असेल तर टीएसडीसोबत कार्टिंग, वडाळ्याला अजमेराचा ट्रॅक आहे, ठोकायची भीती नाही आणि ब्रेक कधी सोडायचा ते दहा मिनिटांत कळायला लागतं. जुनी, लोन फिटलेली गाडी हाताशी असेल तर सरळ ऑटोक्रॉस. ट्रॅक डे वर्षातून एकदा, तोही ऑटोक्रॉसच्या एका सीझननंतर, आणि शक्यतो चौघांनी मिळून जाऊन. खिशात आत्ता काहीच नसेल तर कुठल्याही इव्हेंटला मार्शल म्हणून नाव द्या, पैसे लागत नाहीत आणि दिवसभर वळणावर उभं राहून पन्नास जण तेच वळण कसं घेतात ते बघता येतं.

त्या पोराने टीएसडीला नाव दिलं, धाकट्या बहिणीला नॅव्हिगेटर केलं, ती सीए करतेय. पहिल्या तीन चेकपॉइंटला लवकर पोचले, पुढच्या चारला तिने त्याला वेग वाढवूच दिला नाही. ब्रेक ऑइल त्याने परवा बदलून घेतलं, आणि पुढच्या ऑटोक्रॉससाठी काकांची जुनी स्विफ्ट मागितलीय.