भाड्याने देण्यासाठी पहिला फ्लॅट घ्यायचाय: जुन्या सोसायटीतला की बांधकाम चालू असलेला?

मुंबईत मुद्रांक शुल्क 6 टक्के. ते दोन्हीकडे सारखंच. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर मात्र 5 टक्के जीएसटी चढतो. 80 लाखांवर 4 लाख, आणि ते भाड्यातून भरून यायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य, बँकेचं व्याज मात्र चालू. प्रकल्प रखडला तर हे गणितच कोलमडतं, म्हणून महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) साइटवर ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली ते आधी बघाच.

जुन्या फ्लॅटमध्ये भाडं लगेच सुरू होतं. खरी डोकेदुखी गळतीची. नहाणी ट्रॅपभोवतीचं (बाथरूमचं पाणी जिथून जातं त्या जाळीभोवतीचं) वॉटरप्रूफिंग गेलं की खालच्यांच्या छताला ओल येते आणि अख्खी लादी उखडावी लागते. व्यवहाराआधी खालच्या घरात जाऊन छत बघून या. सोसायटीची थकबाकी आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) तपासा. फ्लॅट तुमच्या नावावर करताना सोसायटी घेते तो ट्रान्सफर प्रीमियम 25 हजारांपेक्षा जास्त मागता येत नाही. भाडेकरू ठेवल्यावर सोसायटी लावते तो नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच.

हप्त्याला भाड्याचा हातभार हवा असेल, तर जुनाच घ्या. तीन-चार वर्षं भाड्याविना हप्ता झेपत असेल आणि टप्प्याटप्प्याने पैसे भरायचे असतील, तरच नवा.