नाइट स्प्लिंट, काही महिन्यांनंतर: टाच सुधारली, वेल्क्रो गेलं

माझ्या नाइट स्प्लिंटच्या, म्हणजे टाचदुखीसाठी रात्री पायात घालून झोपायच्या आधाराच्या, पट्ट्यांचं वेल्क्रो धरेनासं झालं म्हणून मी कंपनीकडे तक्रार केली होती. तिचं शेवटचं उत्तर आलं आणि मी हे लिहायला घेतलं. पट्ट्या ‘झिजणारा भाग’ म्हणून वॉरंटीत येत नाहीत, सुट्या मिळत नाहीत, नवीन स्प्लिंट घ्या. प्लास्टिकचा सांगाडा ठणठणीत आहे, आतला फोमही फारसा दबलेला नाही, आणि दोन बोटं रुंदीच्या पट्टीपायी अख्खी वस्तू टाकून द्यायची? मला हे मुळीच पटत नाही. प्लांटर फॅशियायटिससाठी, म्हणजे तळव्याखालच्या पडद्यामुळे होणाऱ्या टाचदुखीसाठी, स्प्लिंट घ्यायच्या विचारात असलेल्यांनी आधी पट्ट्या पाहाव्यात, बाकी सगळं नंतर.

माझा स्प्लिंट बुटासारखा, पोटरीमागून तळव्याखाली येणारा. नडगीवर दोन पट्ट्या, पावलावर एक, आणि चवडा वर ओढून धरणाऱ्या बाजूच्या दोन. या बाजूच्या दोन पट्ट्यांवरच सगळं अवलंबून आहे. झोपेत पाऊल आपोआप खाली झुकतं. पोटरी आणि तळव्याखालचा जाड पडदा, म्हणजे फॅशिया, रात्रभर आखडलेला राहतो. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की अंगाचा सगळा भार त्याच्यावर एकदम येतो आणि टाचेत, आतल्या बाजूला, सुरी खुपसल्यासारखी कळ येते. स्प्लिंट घोटा साधारण काटकोनात धरून ठेवतो, म्हणून हे आखडणं टळतं. मध्यरात्री वेल्क्रो सरकलं, की पाऊल पुन्हा खाली, आणि पायात उरतो नुसता जड, गरम बूट.

वेल्क्रो दोन तऱ्हांनी खराब होतं. एक बाजू खरखरीत, बारीक हुकांची. तिच्यात मोज्यांचे आणि चादरीचे धागे अडकतात. ते जुन्या टूथब्रशने आणि बारीक कंगव्याने काढता येतात, तेवढ्याने पट्टी पुन्हा धरते. दुसरी बाजू मऊ, लवदार. तिथले तंतू रोज ओढून तुटत जातात आणि मग त्यावर इलाज नाही. माझं तेच झालं. धुताना पट्ट्या लावून ठेवल्या तर आयुष्य वाढतं, हे माहितीपत्रकात एका ओळीत सांगता आलं असतं. शेवटी बॅगा शिवणाऱ्याकडून जाड वेल्क्रो शिवून घेतलं. मूळच्यापेक्षा ते घट्ट बसतं! कंपनीला हे करता आलं नसतं असं नाही.

आता कामगिरीबद्दल. सुरुवातीच्या आठवड्यांत मी भेटेल त्याला स्प्लिंट घ्यायला सांगत होते. पहिल्या काही रात्री झोप मोडली, पण पुढे सकाळी पलंगावरून उतरताना भिंतीचा आधार लागेनासा झाला. तेव्हा हे लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. आज साडेतीन देते, आणि हा दीड गुण केवळ वेल्क्रोमुळे कापलेला नाही. सकाळची कळ गेली तरी दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी टाच ठणकायचीच. स्प्लिंट फॅशियाला रात्री आखडू देत नाही, पण दिवसाचा भार पेलायची ताकद त्याने येत नाही. ती आली टाचा उचलण्याच्या व्यायामाने, आणि तो सुचवला फिजिओथेरपिस्टने.

व्यायाम असा: पायरीच्या कडेवर चवडा ठेवायचा, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, हाताला आधार. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. दिवसाआड. टॉवेल महत्त्वाचा, कारण बोटं वर वळली की फॅशिया ताणला जातो आणि पायाची कमान उचलली जाते. हिक्स या संशोधकाने १९५४ साली ही यंत्रणा मांडली. डेन्मार्कमधल्या संशोधकांच्या २०१४ च्या अभ्यासात बारा उचलींच्या तीन फेऱ्यांपासून सुरुवात करून पुढे पाठीवरच्या पिशवीत पुस्तकं भरून वजन वाढवत नेलं होतं. तीन महिन्यांनी हा गट स्ट्रेचिंग करणाऱ्यांच्या स्पष्ट पुढे होता. वर्षभराने मात्र दोन्ही गट सारखेच. म्हणजे फायदा लवकर बरं वाटण्याचा आहे, आणि रोज लंगडणाऱ्या माणसाला लवकर बरं वाटणं ही फार मोठी गोष्ट आहे. दोन्ही पायांवर उचलून सुरुवात केली तरी चालते. व्यायामानंतर थोडं दुखलं तर हरकत नाही, पण दुसऱ्या सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर वजन कमी करायचं.

ज्यांना स्प्लिंट घालून झोपच लागत नाही, त्यांच्यासाठी बिनखर्चाची सोय आहे. पलंगावरून उतरण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून बोटं हाताने नडगीकडे ओढायची, दहा सेकंद धरायची, असं दहा वेळा. दुसऱ्या हाताने तळवा चाचपला तर ताणलेली दोरी लागते. स्प्लिंट असतानाही मी हे करते.

एक्स-रेमध्ये ‘हाड वाढलंय’ दिसलं म्हणून कोणी घाबरू नये. असं टोक कधीच टाच न दुखलेल्या अनेकांच्या पायातही असतं. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही काळ आराम मिळू शकतो, पण फॅशिया फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो, म्हणून मी ते टाळलं.

घ्यायचाच असेल तर बाजूच्या पट्ट्यांना बकल असलेला किंवा पट्ट्या काढून बदलता येणारा पाहा. पट्टी खेचून लावली म्हणजे गुण लवकर येतो असं नाही. बोटांना मुंग्या आल्या की लगेच सैल करा. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण पट्टी रुतली तरी कळत नाही. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर जोरात दुखत असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तळवा सतत बधिर वाटत असेल तर नस दबलेली असू शकते. चालताना ‘टक्’ आवाज होऊन तळवा सुजला आणि काळानिळा पडला तर फॅशिया फाटलेला असू शकतो. या तिन्हींत स्प्लिंट मागवण्याआधी पाय तपासून घ्या.